कातळवाडीचे दोन नकाशे

सोम. ५ फेब्रु.
तळेगावहून एस.टी.ने कातळवाडी. सदाशिवभाऊच्या इतिहास मंडळाला खाणीच्या आधीचं गाव नकाशावर दाखवायचंय. निवृत्त मोजणीदार म्हणून मला धरलंय. खाण भाऊचीच. अर्धा डोंगर खाल्ला नि आता इतिहास आठवला! चहावर खडीची धूळ तरंगत होती. शी! तरी प्यायलो.

बुध. ७
ग्रा.पं.त जुना कापडी नकाशा नि नंतरच्या मोजणीचा नकाशा शेजारी पसरले. जुन्यात ओढ्यापलीकडं बौद्धवस्तीचं स्मशान स्पष्ट दाखवलंय. नव्यात तिथं नुसतं 'खडक, पडीक'. भाऊला खाण नेमकी तिथंच वाढवायचीय, मंगळवारी २० ला सुनावणी. वस्तीतल्या मंदाताई (अंगणवाडीतून निवृत्त) मुद्दाम आल्या होत्या. "माजी आय हाय तितं, साहेब. तिच्यावर सुरुंग लावणार व्हय?"
मोजणाऱ्याला मनात यथेच्छ शिव्या घातल्या. कोण गाढव हा! मग कोपऱ्यातली सही पाहिली. माझी.

गुरु. ८
जेवण गेलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.
आठवलं सगळं. नोकरीचं पहिलं वर्ष. भाऊच्या वडिलांच्या ओट्यावर मोजणीचं टेबल मांडलेलं, तीन दिवस त्यांच्याकडंच कोंबडी-भात. ओढ्यापलीकडं जायची वेळ आली तर ते म्हणाले, "तितं काय न्हाई, निस्ता खडक. कशाला पाय मोडताय?" बसल्या जागी लिहून टाकलं. मोजणीची साखळी पलीकडं नेलीच नाही. खाल्ल्या मिठाला जागलो!
तेव्हा सगळेच असं करायचे, असं मनाला सांगून पाहिलं. स्वतःचीच किळस आली.

रवि. ११
भाऊ घरी. शाल घेऊन! "जुना नकाशा पार फाटकाय, साहेब. मंडळात तुमच्या सहीचाच लावू. तुमचा सत्कार बी करू."
शाल परत न्यायला लावली. पण स्मशानाचा विषय काढायला जीभ रेटली नाही. बायको म्हणाली, "बोलायचं होतंत की." भित्रा तो भित्राच.

मंगळ. १३
मंदाताईंचा फोन. "तुमी तितं मोजलं न्हाई, येवढं लिवून द्या. बाकीचं आमी बगतो."
हो म्हणालो.

शनि. १७
कागद घेऊन वस्तीत गेलो. जन्मात पहिल्यांदा ओढा ओलांडला. वीस पावलांचा तर आहे.
मंदाताईंनी जागा दाखवली. दगडांच्या ओळी, मध्ये करवंदीच्या जाळ्या. आईपाशी जरा थांबल्या. मग उभ्याउभ्याच कागद वाचला. मी लिहिलं होतं, 'ओढ्याला पूर असल्याने पलीकडील मोजणी करता आली नाही.'
"मोजणी उन्हाळ्यात हुती, साहेब."
मी ओढ्याकडं पाहिलं.
"व्हळ कोरडा ठाक हुता. मी अकरा वर्साची हुते. आयनं तुमच्यासाठी हंडा घासून पाणी भरून ठिवलं हुतं, साहेब येणार म्हणून. दिसभर वाट बगितली."
कागद माझ्या हातात परत दिला. रागावल्या नाहीत. "खरं कारण लिवा."

रवि. १८
सकाळपासून टेबलाशी. चार कागद फाडले. पाचव्यावर 'मी ओढा ओलांडला नाही, कारण' इतकंच. पुढं लिहायचंय ते खडकाचं नाही, वस्तीतल्या पाण्याचं.