पळण्याचं अंतर

४ ऑगस्ट
तीन वर्षं या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल तिची माफी. कामाचं कारण सांगितलं तर खोटं होईल, आळस होता.
आज संशोधन केंद्रात आले. तळ्याकाठी एकच खोली, जाळीच्या खिडक्या, टेबल, पांढरी फरशी. मन हलकं आहे. काम सोपं: सरड्याकडे किंवा बेडकाकडे सावकाश चालत जायचं आणि तो किती अंतरावर पळतो ते टेपने मोजायचं. राखणदार मावशी म्हणाल्या, चाळिशी उलटलेली बाई सरडे पळवत फिरते, घरचे काही बोलत नाहीत का. मला हसू आलं.

९ ऑगस्ट
चाळीस सरडे, सव्वीस बेडूक. सरासरी दोन मीटर. तोच प्राणी दोनदा मोजू नये म्हणून रंगाचा ठिपका लावायला पकडलेला प्राणी पकडला तिथेच सोडायचा, हा नियम. काल पावसात कंटाळा केला, पकडलेले सगळे माझ्या खोलीच्या पायरीवरच सोडले. तक्त्यात मात्र ‘मूळ जागी’ लिहिलं. ही कामातली पहिली लबाडी. पहिलीच का, तेही तपासायला हवं.

१३ ऑगस्ट
ते पायरीवरून हललेले नाहीत. अंतर अर्धा मीटर. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं मावशींना गमतीने म्हटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ज्याला तुम्ही घर दाखवलंत तो कुंपण कशाला शोधेल.

१६ ऑगस्ट
शून्य. बुटाचं टोक लागलं तरी हलत नाहीत. दुपारी सगळे आत आले, पुढे सरडे, मागे बेडूक. मी मागे सरले. ते थांबले. सवयीने मोजलं: दोन मीटर.

१७ ऑगस्ट
आज ते दीड मीटरवर आले तेव्हा मी सरले. दाराकडे पाऊल टाकलं की सगळी तोंडं उघडतात. फोन दारापाशी. मावशींना हाका मारल्या. त्यांनी बाहेरून कडी घातली. तुम्ही आणलेत, तुम्हीच सांभाळा, म्हणाल्या.

१८ ऑगस्ट
एक मीटर. दिवसातून एकदाच पुढे येतात, माझ्यासारखे सावकाश. मी सरले की थांबतात, जणू नोंद — नाही. हे अनुमान आहे. खोडायला हवं.

१९ ऑगस्ट
अर्धा. पाठीला भिंत. मी टेबलावर चढले, तिथेही —
तक्त्यात ‘पायरीवर सोडले’ अशी दुरुस्ती केली. आता तिचा काय —

२० ऑगस्ट
सरायला जागा नाही. जो पळत नाही त्याचं आम्ही काय करतो? पकडतो.
उद्या एकच काम: न हलता उभं राहायचं आणि ते कुठवर येतात ते मो—