ठाण्यातले सर्वांत उबदार घर

फोर्ट टॉलिव्हर, डाकोटा प्रदेश
११ जानेवारी १८६८

ती. ऑर्फाताईस,
सा. न. वि. वि.

तुझे लोकरी मोजे पोचले. एक दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब आहे, पण या थंडीत तक्रार कोण करतो?

आमचे मेजर आजारी पडून पूर्वेला गेले आणि हे ठाणे माझ्या गळ्यात पडले. लढाईत मी अशाच माणसांना तोफांसमोर नेले होते, तेव्हा कुणी मागे फिरला नाही. इथे समोर शत्रू नाही आणि माणसे पळतात. थंडीत पोटासाठी भरती व्हायचे आणि बर्फ वितळला की सरकारी बंदुकीसकट मोंटानातल्या सोन्याच्या खाणी गाठायच्या, हा यांचा शिरस्ता. गेल्या वसंतात निम्मी तुकडी गेली. यंदाही तसेच झाले तर माझी कप्तानी संपली, असे कर्नलसाहेबांनी स्पष्ट कळवले आहे.

त्यात भाजीपाला नाही. शिपायांच्या हिरड्या सुजल्यात, दात हलतात. दवाखाना भरला आहे आणि त्याच्या छपरातून बर्फ थेट अंथरुणावर पडतो. मी पहारा दुप्पट केला, पळण्याच्या बेतातल्या दोघांना कोठडीत टाकले. बाकीचे माझ्याकडे नुसते बघत राहतात. ते बघणे मला सहन होत नाही, ताई.

भावजींना नमस्कार. लोभ या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझा,
एसाहेल


व्हरमाँट
१३ फेब्रुवारी १८६८

चि. एसाहेल यास,
अनेक आशीर्वाद.

आखूड मोजा तुझ्या मापाचा आहे. लांब मी गप्पा मारता मारता विणला. दोन्ही घाल आणि गप्प बस.

लहानपणी मेंढ्या कुंपण मोडून पळाल्या की तू कुंपणावर रागवायचास. बाबा मात्र आधी गोठ्यात जाऊन गवत आहे की नाही ते बघायचे. दुप्पट पहाऱ्याने हिरड्या बऱ्या होत असत्या तर आपले डॉक्टर बंदूक घेऊन फिरले असते.

सगळे लिहिलेस, पण तू स्वतः कुठे झोपतोस ते लिहिले नाहीस. ज्या अर्थी लिहिले नाहीस, त्या अर्थी जागा चांगली असणार.

तुझे भावजी लेव्हाय व्हिनेगरमधल्या कांद्यांचे पिंप पाठवत आहेत. कप्तानाने एकट्याने खाऊ नये. माया आहेच, ती मोज्यांवरून मोजू नये.

तुझी,
ऑर्फाताई


फोर्ट टॉलिव्हर
२० मार्च १८६८

ती. ऑर्फाताईस,
सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न झोंबला, कारण मी शेगडीच्या खोलीत झोपत होतो.

आमच्याकडे एक रिवाज आहे. वरच्या अधिकाऱ्याने खालच्याचे कुठलेही घर मागावे आणि त्याने ते मुकाट्याने रिकामे करावे. मग तो आपल्याहून खालच्याला उठवतो. एक साहेब आला की अख्खी आळी बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरते. मी हा हक्क कधी बजावला नव्हता. या वेळी लेफ्टनंट पेंडलटनचे घर मागितले. चार खोल्या, तीन शेगड्या आणि एक पियानो. एकट्या माणसाला चार खोल्या कशाला, असे त्याने मला तोंडावर विचारले. तोही एकटाच राहत होता. ठाणे हाती येताच कप्तान शेफारला, असे ठाणेभर झाले.

संध्याकाळी मी दवाखान्यातले सगळे आजारी त्या घरात हलवले. माझी खोली पेंडलटनला दिली आणि स्वतः गळक्या दवाखान्यात खाट टाकली. पहारा कमी केला आणि कोठडीतले दोघे सोडले. त्यांतल्या हॅनलॉनने तर आजाऱ्यांना पाठीवर घेऊन पोचवले. तुझे कांदे आले. गडी नाक मुरडून खातात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात.

पण नवे मेजर स्टोडार्ड सपत्नीक येत आहेत. ते माझ्याहून वरचे. त्यांनी ते घर मागितले तर मला नाही म्हणता येणार नाही. बर्फही वितळू लागले आहे.

काळजी करू नकोस असे म्हणणार होतो, पण थोडी कर.

तुझा,
एसाहेल


व्हरमाँट
१८ एप्रिल १८६८

चि. एसाहेल यास,
आशीर्वाद.

पत्र लेव्हायना दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्यांदा मला वाचवेना.

इथले बर्फ गेले. तिथले गेले असेल तर एक ओळ लिही. वाईट बातमी असली तरी लिही. कप्तान नसलेला भाऊही मला चालेल.

तुझी,
ऑर्फाताई


फोर्ट टॉलिव्हर
१६ मे १८६८

ती. ऑर्फाताईस,
सा. न. वि. वि.

ताई, जिंकलो. नदी मोकळी झाली, वाटा खुल्या झाल्या आणि तुकडीतले फक्त तिघे पळाले. रोज सकाळी हजेरीला मी स्वतः यादी वाचायचो आणि रोज नावामागून ओ यायची. नदीकाठच्या अरिकारा जमातीच्या बायकांकडून पिठाच्या बदल्यात रानकांदे घेतले. आता गड्यांच्या हिरड्या घट्ट आहेत आणि तोंडाला वास असा, की शत्रू आलाच तर वाऱ्यानेच पळेल.

मेजरसाहेब आले. बाईंसह त्या घराच्या चारही खोल्या फिरले. उरलेले आजारी उठून उभे राहू लागले, तर बाईंनी त्यांना बसवले. बाहेर सगळे ठाणे जमले होते. पेंडलटन सर्वांत पुढे. मेजर म्हणाले की रिवाजाप्रमाणे आपण घर मागतो आहोत, पण हे नव्हे; कप्तान स्वतः राहतो ते. माझे घर म्हणजे गळका दवाखाना, असे मी सांगितले. त्यावर, छपराबद्दल आपण काही विचारले नाही, एवढेच ते बोलले.

मी हुकूम दिला नव्हता, ताई. पण तासाभरात हॅनलॉन शिडी लावून छपरावर चढला आणि त्याच्यामागे जवळजवळ सगळी तुकडी. मार्चमध्ये ज्यांना उचलून न्यावे लागले होते, तेही फळ्या देत उभे होते. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. मेजरांनी पाहिले तसे कर्नलसाहेबांना कळवले. तुकडी माझ्याकडेच राहिली.

आता रिवाजाप्रमाणे मी पेंडलटनला उठवायला हवे होते. बिचाऱ्याने माझ्या जुन्या खोलीत नेलेला पियानो बांधून तयार ठेवला होता. त्याच्या दोऱ्या मी सोडायला लावल्या.

मी कुठे झोपतो, असे तू विचारले होतेस. नवी खोली होईपर्यंत शिपायांच्या बराकीत, दारापासून तिसऱ्या खाटेवर. दाराला कडी नाही, पहारा नाही, आणि सकाळी बघावे तर सगळ्या खाटा भरलेल्या असतात.

लोभ आहे तसाच ठेव आणि कांदे आणखी पाठव.

तुझा,
एसाहेल