न विसळलेली बाटली

।। श्री ।।

नोव्हाय, १० जुलै २००६

चि. सौ. मीनाक्षीस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पार्सल शनिवारी पोचलं. गोडा मसाला एक डबा, कोकमं, थालिपिठाची भाजणी, प्रीताचा पोहण्याचा जुना चष्मा आणि टेपने गुंडाळून गुंडाळून नारळाएवढी झालेली गंगाजलाची बाटली. सगळं धड आलं. पोस्टाचे अकरा डॉलर चाळीस सेंट खोक्यावर वाचले आणि जीव हळहळला. भाजणी मी इथेही करते गं. पुढच्या वेळी फक्त मसाला पाठव.

तुझी लेक प्रीता मजेत आहे. मार्चमध्ये नोकरीला म्हणून इथे आली तेव्हा पाहुणी होती, आता माझ्या स्वयंपाकघरात तिचा स्वतःचा कप्पा आहे. पहाटे पोहण्याच्या बंदिस्त तलावावर जाते, संध्याकाळी सायकल. परवा एका बैठकीत सात पोळ्या खाल्ल्या. मी मोजल्या नाहीत, ह्यांनी मोजल्या.

शर्यत सहा ऑगस्टला, हेझल लेकवर. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. तुला दिलेला शब्द तिच्या लक्षात आहे. मागच्या वर्षी तुमच्याकडे वादळानंतरच्या त्या गढूळ तळ्यात पोहली आणि आठवडाभर हॉस्पिटलात पडली, तेव्हा तुझ्या हातावर हात ठेवून म्हणाली होती ना, की पाणी स्वच्छ असल्याची खात्री झाल्याशिवाय उतरणार नाही? तेच मला पुन्हा सांगितलं. गंगाजल मात्र पाहून हसली. हेही आधी लॅबला पाठवू या म्हणाली. मी डोळे वटारले, तेव्हा गुपचूप देवापाशी नेऊन ठेवलं.

फोनवर ती शेजारीच बसलेली असते, म्हणून हे पत्र. तुझ्या मनातलं मोकळेपणी लिही. त्र्यंबकरावांना नमस्कार.

तुझी,
सुवर्णाताई

---

शुगर लँड, १७ जुलै २००६

ती. सौ. ताईस,
मीनाक्षीचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टाच्या पैशांवरून बोलणी खाणार हे पार्सल बांधतानाच ठाऊक होतं.

मनातलं लिही म्हणतेस, तर लिहिते. मला झोप नाही. त्या आठवड्यात तिच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. डॉक्टर म्हणाले, की पाण्यातून गेलेल्या जंतूंनी हे केलं. तेव्हापासून साधं डबकं दिसलं तरी माझ्या अंगावर काटा येतो. प्रीता म्हणते मम्मा, यू वरी टू मच. करते बाई. आई आहे.

तिने मला शर्यतीला बोलावलं होतं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठीक आहे, ताई. तिला पाण्यात उतरताना बघणं मला जमायचं नाही. लहानपणीसुद्धा क्लासला हेच घेऊन जायचे आणि मी गाडीत बसून स्तोत्र म्हणत राहायचे. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही पोहताना पाहिलेलं नाही.

तू तिथे आहेस. त्या तळ्याचं पाणी कोणीतरी तपासत असेलच. ते तू स्वतः डोळ्यांनी बघ. कागदावर माझा विश्वास नाही, तुझ्यावर आहे. तू हो म्हटलंस तर मीही हो म्हणेन.

भावजींना नमस्कार. धाकटीवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मीनू

---

नोव्हाय, २७ जुलै २००६

चि. सौ. मीनूस,
अनेक आशीर्वाद.

कालपासून श्रावण लागला. आता ऐक, तुझी ताई काय करून बसली ती.

तळ्याभोवती राहणाऱ्या लोकांची एक मंडळी आहे. दर आठवड्याला पाण्याचे नमुने काढून ते काउंटीच्या लॅबला देतात. प्रमुख डॉनाबाई. शाळेतून रिटायर झालेल्या, सत्तरीच्या, आणि माझ्याइतक्याच काटकसरी. डबे धुऊन पुन्हा वापरतात. एकदम आवडल्या मला. मी विचारलं, पाणी मी काढू का? त्यांनी लगेच रिकाम्या बाटल्या दिल्या. कशा भरायच्या ते बरंच सांगितलं, पण त्या बोलतात फार भराभर. निम्मं कळलं, निम्म्याला मी यस यस म्हटलं.

मंगळवारी सकाळी आंघोळ करून, स्तोत्र म्हणून गेले. सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि उतरले पाण्यात! हे काठावरून फोटो काढत होते, त्यांना रागावले. शर्यत जिथून सुरू होणार तिथल्याच तीन बाटल्या भरल्या, बर्फाच्या पेटीत ठेवल्या, लॅबला पोचत्या केल्या. प्रीता ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटली आहे, की माझी मावशी आता सायंटिस्ट झाली.

रिपोर्ट आला. शंभर मिलिलिटर पाण्यात जंतूंचा आकडा तीनशेवर गेला की पोहायला बंदी. आपला आकडा दहाच्याही खाली! डॉनाबाईंना आश्चर्य वाटलं, कारण तिथे बदकांचा सुळसुळाट असतो. मी म्हटलं, देवाची कृपा.

तेव्हा मीनू, माझा हो आहे. आता झोप नीट.

तुझी,
ताई

---

शुगर लँड, ३१ जुलै २००६

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र देवापुढे ठेवलं आणि खूप दिवसांनी पोटभर जेवले. हे म्हणाले, आज काय सण आहे का?

तुझ्या हातांनी काढलेलं पाणी, म्हणजे मला दुसरं काही विचारायचं नाही. तू आयुष्यात कधी कोणाला नासकं दूध दिलं नाहीस, शिळं वाढलं नाहीस. पोरीला सांग, आईचा होकार आहे. सहा तारखेला सकाळी मी उपास धरीन आणि फोनजवळ बसून राहीन.

तुझी निर्धास्त,
मीनू

---

नोव्हाय, १० ऑगस्ट २००६

चि. सौ. मीनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर एवढंच म्हणाले, की पोहणं रद्द झालं. बाकीचं तेव्हा सांगितलं नाही. आता सगळं लिहिते.

गुरुवारी सकाळी पुढच्या बाटल्या आणायला डॉनाबाईंकडे गेले. एक नवी मुलगी कामाला आली होती. त्या तिला सावकाश समजावत होत्या. बाटली लॅबमधूनच निर्जंतुक होऊन येते, पाण्यात धरेपर्यंत उघडायची नाही, विसळायची नाही, आत क्लोरीन निकामी करणारी पांढरी पूड दिसेल ती तशीच राहू द्यायची. मी बर्फाची पेटी हातात घेऊन उभी होते. पेटी खाली ठेवली.

मीनू, मी त्या बाटल्या धुतल्या होत्या. आपल्याकडे बाहेरून आलेलं भांडं कोणी न विसळता वापरतं का? तळाशी पांढरं काहीतरी दिसलं, मला वाटलं आधीच्या कोणाचं राहिलंय. साबण, कढत पाणी, आणि शेवटी ब्लीचचे थेंब, तुझ्या लेकीच्या आजारपणानंतर मी तिच्या पाण्याच्या बाटल्या करते तशा. नीट सुकवल्यासुद्धा नाहीत. जंतू मेले ते तळ्यात नाही, माझ्या बाटलीत मेले.

हे कोणालाच ठाऊक नव्हतं. घरी आले तर टपालपेटीत तुझं पत्र. नासकं दूध कधी दिलं नाहीस, हे वाक्य वाचलं आणि पुढे वाचवेना.

प्रीता संध्याकाळी आली. आल्या आल्या शर्यतीचा नंबर शर्टाला टाचायला बसली, तोंडाने गुणगुणत होती. वर्षभराची मेहनत, बाई. मनात आलं, रविवार पार पडू दे, देव सांभाळेल. मग वाटलं, देवाला मी कुठल्या तोंडाने सांगणार? तिच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं.

पोरीने टाचण्या डबीत ठेवल्या, उठली आणि तिनेच डॉनाबाईंना फोन लावला. बाई माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, चूक माझी, मी नीट समजावलं का हे विचारायला हवं होतं. शुक्रवारी उजाडताच आम्ही तिघी तळ्यावर. बाटल्या सीलबंद. खरं सांगू? त्या न विसळता पाण्यात धरताना मला कोणाला तरी खरकट्या ताटात वाढल्यासारखं होत होतं. डोळे मिटून भरल्या.

बुधवारी इथे धो धो पाऊस झाला होता. शनिवारी आकडा आला, आठशे चाळीस. शर्यतवाल्यांनी पोहणं काढून टाकलं, त्याऐवजी पळणंच दोनदा ठेवलं. पोहण्यात जिचा हात धरणारं कोणी नाही ती तुझी लेक पळण्यात कशी, ते तुला माहीतच आहे. शेवटून चौथी आली. मी ताकाची बाटली घेऊन उभी होते. शेजारी एक गृहस्थ कुरकुरत होता, की एवढ्या लांबून गाडी हाकत पोहायला आलो आणि कोणा बाईच्या घोटाळ्यामुळे फुकट गेलं. मी मान खाली घातली. घामाने निथळणारी प्रीता येऊन माझ्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली आणि त्याला इंग्रजीत म्हणाली, की तीच ही बाई, माझी मावशी, हिने सांगितलं नसतं तर आज रात्री तू हॉस्पिटलात असतास. तो बापडा सॉरी म्हणाला आणि ताक पिऊन गेला. आवडलं त्याला.

गाडीत मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, मावशी, स्टॉप इट. मग म्हणाली, की पळताना प्रत्येक वळणावर काठावरच्या माणसांत ती तुला शोधत होती. तू येणार नाहीस हे माहीत असूनही. लहानपणी क्लासमध्ये पाण्यातून डोकं वर काढलं की असंच शोधायची म्हणे. तिला वाटतं, तुला तिचं पोहणं आवडत नाही. तू गाडीत बसून काय म्हणत होतीस ते मी तिला सांगितलं नाही. ते तू सांगायचं.

काल नारळी पौर्णिमा. तळ्याला नारळ वाहावा असं मनात होतं. हे म्हणाले, आता काही टाकू नकोस त्यात, पुन्हा रिपोर्ट बिघडेल! म्हणून घरीच नारळीभात केला आणि डॉनाबाईंना डबा दिला. डबा त्यांनी धुऊन परत केला आणि मला डोळा मारला.

आता मुद्द्याचं. तेच पोहणं दहा सप्टेंबरला पुन्हा ठेवलंय. दर मंगळवारी नमुने मी आणि प्रीता मिळून काढणार. आकडा जो येईल तो येईल. वाईट आला तर ती उतरणार नाही, हे तिनेच मला बजावलं आहे. पण चांगला आला तर तिने डोकं वर काढल्यावर काठावर तू दिसली पाहिजेस. भीती वाटेल, वाटू दे. माझा हात धर, आपण दोघी मिळून स्तोत्र म्हणू, पण डोळे उघडे ठेवून. तिकिटाचा खर्च माझा, त्याबद्दल एक अक्षर ऐकणार नाही. गंगाजल अजून फोडलेलं नाही. तू आलीस की तुझ्याच हाताने तिच्या कपाळाला लाव, पाजायचं मात्र नाही.

त्र्यंबकरावांना नमस्कार. माझ्यावरची माया या बाटलीमुळे पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. क. येतेस की नाही ते उलट टपाली कळव. फोनवर बोलू नकोस. फोन ती उचलते, आणि मला तिला आधी कळू द्यायचं नाही.