त्या पेटीतलं एक मत

सबाहिया, कुवेत
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

माझा भाऊ मुतलक यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, नश्मियाचा सलाम. अल्ला तुला लवकर उठवून घरी आणो.

फलाह काल फोनवर सांगत होता, टाके सुटले, नळीही एक-दोन दिवसांत काढतील. आणि तू पाटीवर लिहून नर्सशी भांडतोस म्हणे! "याला चहा म्हणतात का?" असं लिहून दाखवलंस आणि ती बिचारी हसत सुटली. ऐकून जीव भांड्यात पडला. तू भांडतोयस म्हणजे बरा आहेस. घसा कापला तरी खोड काही जात नाही.

फोनवर तुझा आवाज येत नाही, नुसता श्वास येतो. मला ते ऐकवत नाही, म्हणून हे पत्र. शेजारच्या अबू राकानचा मुलगा गुरुवारी लंडनला निघालाय, त्याच्याबरोबर पाठवते. सोबत दोन डबे खजूर आहेत, ते फलाहला दे, तुला अजून गिळता यायचे नाहीत. त्यालाच सांग, बापापाशी बसून मिटक्या मारू नकोस म्हणावं.

इथलं सगळं ठीक. हवा एकदाची गार झाली. वाळवंटात लोकांचे तंबू लागायला लागलेत, गल्ली अर्धी रिकामी आहे. वारा दक्षिणेचा असला की तेलाच्या कारखान्याचा वास घरात येतो. वडील म्हणायचे ना, "नाक मुरडू नका, आपली भाकरी भाजतेय त्याचा वास आहे तो." परवा वास आला आणि मला त्यांची फार आठवण आली.

तुझी सोमवारची बैठक मी बंद केलेली नाही. दिवाणियाचं दार उघडते, दिवे लावते, उदबत्तीचा धूर करते. एके काळी बाहेर चपला ठेवायला जागा नसायची. आता अबू राकान येतो आणि त्याचा तो बहिरा मेव्हणा. दोघं समोरासमोर बसतात, टीव्हीकडे बघतात. मी आतून चंद्रिकाच्या हाती कॉफी पाठवते. वीस मिनिटांनी अबू राकान दारातून मोठ्याने म्हणतो, "अल्ला या घराला भरलेलं ठेवो!" आणि जातो. मग मी दिवे मालवते. एवढ्या मोठ्या घरात मी आणि चंद्रिका. ती तिच्या खोलीत लंकेतल्या मुलीशी बोलत बसते, मी वर. दोन माणसांसाठी मटणाची मर्गूग करायची तर पातेलं कुठलं घ्यावं तेच समजत नाही. केली तर तीन दिवस तीच खाते.

फलाहच्या आईला, नुवैरला, तुझा निरोप पोचवला. ती बरी आहे.

बाकी विशेष काही नाही. औषध वेळेवर घे. कान झाकून बाहेर पड.

तुझी बहीण,
नश्मिया

*

सबाहिया
शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

मुतलक, माझ्या भावा,

सलाम. तुझी तब्येत सुधारतेय असं फलाह म्हणाला. तुझं पाटीवरचं अक्षर त्याने फोटो काढून पाठवलं. किती वाकडं लिहितोस रे! शाळेतही माझ्याकडूनच लिहून घ्यायचास.

हे पत्र एकटा असताना वाच. फलाहला खाली कॉफी प्यायला पाठव. आणि शेवटपर्यंत वाच. आज तू मला मध्येच तोडू शकत नाहीस, म्हणूनच मला हे धाडस होतंय. वाईट बोलले. माफ कर.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. नुवैरला निरोप पोचवलाच नव्हता. मी जहराला निघाले होते, गाडी स्वतः चालवत. पण तिच्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन पेट्रोल पंपावर थांबले, पाण्याची बाटली घेतली आणि परत फिरले. दुसऱ्यांदा गेले, तेव्हाही तेच. पंपावरचा पोरगा ओळखायला लागला मला.

तुझी गोष्ट सरळ होती. ऑपरेशनला निघताना माणसं जसं करतात तसं तू दोन दिवस फोन लावून सगळ्यांना म्हणालास, "माझं चुकलंमाकलं पोटात घाला, मीही तुम्हाला माफ केलं." विमानतळावर मला म्हणालास, "नुवैरला स्वतः जाऊन सांग, तिलाही माफ केलं." मी विचारलं, "आणि मला?" तू हसलास. तुझ्या आवाजातलं मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. "तुला काय माफ करायचं, नश्मिया? अख्ख्या घरात तूच तर एक माझी."

मुतलक, त्या निवडणुकीत तुला मत दिलं नाही ते मी.

लिहिलं एकदाचं. आता सगळंच लिहिते.

तुझा प्रचाराचा तंबू आठवतो? केवढा थाट होता. बाहेर पुरुषांचा तंबू, मागे बायकांचा, मध्ये भोंगा. मी हातात भाताचं ताट घेऊन वाढत होते. तुझ्याविरुद्ध लुल्वाबाई उभ्या होत्या, माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिका. त्या म्हणत फिरत होत्या, की सरकार संसार बघून घर देतं, मग नवऱ्याने टाकलेल्या, मूल नसलेल्या बाईने जावं कुठे? तिच्या नावावर एक छप्पर असू नये? तू भोंग्यावर त्याला उत्तर दिलंस. "कशाला हवंय छप्पर? आमच्यात भाऊ मेलेत का? अहो, माझ्याच घरात माझी थोरली बहीण आहे. विचारा तिला, काय कमी आहे तिला!" पुरुष हसले, टाळ्या वाजल्या. बायकांच्या तंबूत सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

विचारलं मात्र कोणी नाही. तूही नाही.

मला तुझ्या घरात कमी काही नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण कपाटाला कुलूप लावायचं तरी "चालेल ना?" असं वाटायचं. भिंतीला खिळा ठोकायचा तर नुवैरला विचारायचे. एकोणतिसाव्या वर्षी नवऱ्याच्या घरून दोन पेट्या घेऊन आले, त्यातली एक मी अजून पूर्ण उपसलेली नाही. तुला हे माहीत नाही. तुला राग यावा म्हणून नाही सांगत.

मतदानाच्या दिवशी नुवैर आणि मी एकाच गाडीतून मुलींच्या शाळेत गेलो. नावाच्या पहिल्या अक्षरावरून पेट्या ठरलेल्या, म्हणून आम्हा दोघींची पेटी एकच. घरातल्या बाकी बायका दुसऱ्या वर्गांत गेल्या. मी पडद्यामागे गेले. तुझं नाव वरून चौथं होतं. मी त्यावर बोट ठेवलं, आणि मग खाली लुल्वाबाईंच्या नावापुढे खूण केली. बाहेर आले तर डोळ्यांतून पाणी. नुवैरने तिच्या ओढणीचं टोक पुढे केलं. "पूस. लोक बघतायत." तिला तेव्हाच कळलं होतं. ताट घेऊन मी तंबूत उभी होते, तेव्हा ती माझ्याशेजारीच होती ना.

तू अकराशे मतांनी पडलास. एका मताने नव्हे! पण मोजताना चिठ्ठी न् चिठ्ठी मोठ्याने वाचतात, आणि तुझा माणूस कागद घेऊन बसला होता. त्या पेटीत आपल्या ओळखीच्या दोघीच, आणि तुझं नाव आलं एकदाच. अकराशे बाजूला राहिले, ते एकच तुला खुपलं.

सकाळी न्याहारीला तू कागद फरशीवर ठेवलास. "दोघींपैकी कोण?" एवढंच विचारलंस. मी तोंड उघडलं होतं, मुतलक. खरंच उघडलं होतं. पण नुवैरने किटली खाली ठेवली आणि म्हणाली, "मी." तू म्हणालास, "बापाच्या घरी जा." ती उठली, बुरखा घेतला, आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "चहा ओत त्यांना, गार होतोय."

मी ओतला. मूग गिळून तुझ्या पेल्यात चहा ओतला, साखर घातली, ढवळला. बाहेर तिची गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.

आधी वाटलं, आठवड्यात तुझा राग जाईल. मग वाटलं, ईदला तू तिला आणशील. पण तू पडलास हट्टी, आणि ती तुझ्याहून. मोडेन पण वाकणार नाही अशी दोन माणसं, आणि मधे मी गप्प. दिवस गेले तसं सांगणं अवघड होत गेलं. ना तू तिला सोडलंस, ना नांदवलंस. फलाह शुक्रवारी आईकडे जेवायचा, तेव्हा मी वर जाऊन दार लावून घ्यायचे. तू मात्र लोकांना सांगायचास, "बहिणीनेच माझं घर सांभाळलं." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तुझ्या घरात चोराकडेच किल्ल्या होत्या.

परवा शेवटी गेले. पंपावर थांबलेच नाही.

तिचे वडील गेले तेव्हा तू गेला नव्हतास, म्हणून तुला ठाऊक नसेल. घर आता तिच्या धाकट्या भावाचं. ती मागच्या अंगणातल्या खोलीत असते. एक पलंग, एक कपाट, दारात लखलखीत घासलेली किटली. भावजयीचा आवाज आला की टीव्ही बारीक करते. मी बघत राहिले. ती मीच होते, मुतलक. माझ्या जागी मी राहिले आणि माझं आयुष्य ती जगायला गेली.

तिने कॉफी ओतून पेला पुढे केला. मी तो खाली ठेवला. न पिता. मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुणा कॉफी पीत नाही, तिने लगेच ओळखलं.

"पी आधी. मागणी घालायला आलीस की काय? आता या वयात?" म्हणाली. हसते तशीच, खांदे हलवून.

मी तुझा निरोप सांगितला. "मुतलकने तुला माफ केलंय."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई! कशाबद्दल?"

मी म्हणाले, "नुवैर, तू का घेतलंस ते अंगावर?"

"मला बापाचं घर होतं. तुला कुठलं होतं?" असं साधं म्हणाली, जसं भाताला मीठ किती लागतं ते सांगावं. मग, "आठ दिवसांत बोलावतील असं वाटलं गं मला. आठ वर्षं थोडीच वाटली होती!"

मी म्हणाले, "मी त्याला लिहिणार."

"वेडी आहेस का? आता ती संसद तरी राहिली का? मे महिन्यात बरखास्त झाली, पुढची कधी, आहे का कुणाला ठाऊक? ज्या खुर्चीसाठी घर मोडलं ती खुर्चीच अडगळीत गेली, आणि तू आता राहतं छप्पर घालवणार? गप्प बस. पी कॉफी."

"तू परत येशील का? तेवढं सांग, मग पिते."

ती बराच वेळ किटलीचं झाकण पुसत बसली. म्हणाली, "बोलावणाऱ्याने बोलवावं. बहिणीच्या तोंडून नको." मी उठले. पेला तसाच भरलेला राहिला. मागणं अजून उभं आहे, एवढं तुला कळतं.

तर आता तुझ्यापुरतं. माफ करणारा तू नाहीस, मुतलक. तिने तुला करायचं आहे, आणि मला तुम्ही दोघांनी. लुल्वाबाईंना मत दिलं याची मात्र माफी मागत नाही. त्या पेटीत त्यांचं नाव बारा वेळा वाचलं गेलं, त्यातलं एक माझं होतं. तेवढी एकच गोष्ट जन्मात मी कुणालाही न विचारता केली. माफी मागते ती त्या चहाची.

मी माझ्या दोन पेट्या भरून ठेवल्यात. एक तर भरलेलीच होती. कुठे जाईन ते अजून ठरलेलं नाही, आणि खोटं कशाला सांगू, भीती वाटते. साठीला टेकलेय. या घरातल्या रिकाम्या खोल्यांचा कंटाळा आलाय म्हणते आणि त्या सुटतील म्हणून झोप येत नाही. पण तू दारात आलास आणि समोर मी उभी दिसले, तर तू पुन्हा "अख्ख्या घरात तूच एक माझी" म्हणशील. ते आता मला ऐकवणार नाही.

डॉक्टर म्हणतात, आवाज येईल न येईल. पाटी तर आहे ना तुझ्याजवळ? त्यावर एक नाव लिही. परत येशील तेव्हा दार कुणी उघडावं, त्या बाईचं. दोन नावं चालणार नाहीत. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे एका माणसाला एकच मत. फलाहला फोटो काढायला सांग आणि तो मला नको, त्याच्या आईला पाठव. अक्षर वाकडं असलं तरी तिला लागेल ते. मग मी जहराला जाऊन ती कॉफी पिईन.

मला सोमवारी दिवाणियाचे दिवे लावायचे आहेत. तुझं उत्तर येईपर्यंत लावत राहीन.

जिने तुला मत दिलं नाही आणि पाचही नमाजांत तुझा आवाज मागते,
ती तुझी बहीण
नश्मिया