माझी टाच

पुणतांबा, मंगळवार, ७ मार्च १९७२

आज नगरच्या दवाखान्यात शेजारच्या कोंडाबाईला पाहून आलो. हाडांचे डॉक्टर आणि क्षयाचे डॉक्टर, दोघांनी मिळून तिच्या पाठीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मणक्याला क्षय आहे. उपचार दोघे मिळून करणार. पाय पुन्हा हलतील का, ते मात्र सांगत नाहीत.

मी पायाळू, जन्मताना पाय आधी आले. कुणाच्या पाठीत उसण भरली की लोक माझ्या दारी येतात आणि मी दुखऱ्या जागी टाच लावतो. शाळेत विज्ञान शिकवतो, तरी नाही म्हणवत नाही. दिवाळीत कोंडाबाई आली, तेव्हा टाचेखाली कट्ट झालं. ती म्हणाली, बरं वाटलं. मीही खूश.

डॉक्टर म्हणाले, रोग जुनाच होता. टाचेचं मी त्यांना सांगितलंच नाही. का नाही सांगितलं? ते कट्ट अजून टाचेत आहे.

उठू लागलो तेव्हा तिनं हात धरला. "मास्तर, ह्यांच्या सुया लई झाल्या. तुमीच एकदा पाय लावा. मागं लई बरं वाटलं हुतं."

मी परत बसलो. पाय स्टुलाखाली ओढून घेतले.