घासलेला उंच उडीवाला

ता. ४ मार्च

इतकी चांदी घासून दिली, पण जावईबापूंच्या तोंडून एक बरा शब्द नाही! गाडीत बसवून द्यायला आले तेही मुकाट.

चि. भिंगरीस आजीचा आशीर्वाद. तुझ्या बापाची ती खेळाडू कोरलेली चांदीची नाणी किती पिवळी पडली होती! कुणी पोहतोय, कुणी पळतोय, सगळ्यांना कावीळ. प्लास्टिकच्या डब्या उघडल्या, दंतमंजन घेतलं आणि खसाखसा घासली. उंच उडीवाल्यावर तर हात भरून येईस्तोवर मेहनत घेतली. तुझ्या आईला एवढं सुचू नये? शेजारणीला सांगितलं, तर तोंडात बोट घातलं तिनं.

लोभ आहेच, कामाची कदरही असू दे.
आजी

ता. १० मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

रागावू नकोस, पण ती नाणी घासायची नसतात गं. टाकसाळीतून आरशासारखी येतात, वरचा खेळाडू तेवढा दुधी. बोटही लावायचं नाही, कडेनं धरायचं. आता ओरखडे जाणार नाहीत. उंच उडीवाला तर चकाकीत विरूनच गेलाय. गुडघा जाईपर्यंत बाबा तोच खेळ खेळायचे, म्हणून ते नाणं त्यांचं लाडकं.

गेल्या रविवारी नाणी-संग्राहकांच्या मेळाव्यात त्यांचं टेबल आधीच ठरलेलं होतं. नवख्यांना नाणी हाताळायला शिकवणारे बाबाच, त्यामुळे गर्दी त्यांच्याकडेच. ही कुणी घासली, असं एकानं विचारलं. बाबा म्हणाले, मीच. सगळे हसले. तुला कळवायचं नाही असं त्यांनी बजावलंय, पण मला राहवलं नाही.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी भिंगरी

ता. १५ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद. हे पत्र बापाच्या हातात दे.

जावईबापू, मेल्याहून मेल्यासारखं झालंय. शेजारीण रोज विचारते, आणखी कुणाची चांदी उजळायची आहे का? मी दार लोटून घेते.

पण माझ्यावर पांघरूण घालायला तुम्हाला सांगितलं कुणी? घासताना मी काय तुमची परवानगी घेतली होती? लोकांनी हसायचं तर मला हसावं. पुढच्या मेळाव्यात हे पत्र त्या नाण्याशेजारी ठेवा: सासूनं घासलं, दंतमंजनानं, न विचारता. खाली सही केली आहे. वाकडी असली तरी माझीच आहे.

राग पोटभर करा, लोभ मात्र काढून घेऊ नका.

उत्तर भिंगरीनं लिहायचं नाही, तिच्या आईनं तर नाहीच. तुम्हीच लिहायचं. शिव्या घाला, पण मोठ्या, सुट्या अक्षरात घाला. पुन्हा त्या शेजारणीकडून वाचून घ्यायची वेळ माझ्यावर आणू नका.

सासू