लाल गिटार घेतली तेव्हा मी शुद्धीवर होते

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी घरकाम आणि नवऱ्याच्या गिटारच्या कारखान्यात मदत, सध्या वाचन, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहीत आहे. मला कोणी समोर बसवून लिहायला लावलेले नाही. शेजारी कोणी उभे नाही. असते तर बरे वाटले असते, पण नाही.

माझा रक्तदाब थोडा वर असतो, गुडघे कुरकुरतात, डोके मात्र ठिकाणावर आहे. अशा कागदावर हे सगळेच लिहितात. मला ते पटवूनही द्यावे लागणार आहे, कारण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या दिरांनी माझ्या लेकीला फोन करून कळवले आहे की वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला. पुरावा म्हणून त्यांनी माझ्या इलेक्ट्रिक गिटारचे नाव घेतले. उद्या हा कागद वेडीने लिहिला असे ठरले, तर तो रद्द होईल आणि तळमजल्यावरच्या कारखान्याला कुलूप लागेल. म्हणून कोणाला काय द्यायचे ते लिहिताना ती गिटार का घेतली, तेही लिहिते.

कारखाना. तळमजल्याची जागा आणि तिच्यातील पटाशा, करवती, लाकूड आवळायचे शिकंजे, सरसाचे भांडे आणि वाळत घातलेले सगळे लाकूड यजमानांनी रीतसर माझ्या नावे केले होते. हे सर्व मी आमच्या पॉलिशवालीला देते. ती यजमानांच्या हाताखाली शिकली आणि ते गेल्यापासून दुरुस्तीचे काम एकटी ओढते आहे. ती जागा मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्यावी असे भाऊजींचे म्हणणे आहे. त्यांचे चुकले असे नाही, भाडे चांगले येईल. पण जागा माझी आहे आणि मला तिथे सरसाचा वास यायला हवा आहे. सरसाचे भांडे कोणी घासू नये. ते काळेच असते.

मधल्या मजल्यावरच्या माझ्या तीन खोल्या, बँकेतील ठेव आणि कानातले लेकीला. खोल्या ठेवायच्या की विकायच्या, तिने ठरवावे. तिचे घर दूर आहे, तिला रजा मिळत नाही, हे मला समजते. केवळ आईच्या म्हणून त्या जीव जाळत ठेवू नयेत.

पुस्तकेही लेकीलाच. रद्दीवाल्याकडून निवडून आणलेली आहेत, त्यामुळे काहींना शेवट नाही, काहींना सुरुवात नाही. मी चौथीत शाळा सोडली, पुढचे सगळे त्यांनीच शिकवले. कोपऱ्यावरच्या वाचनालयाला त्यातले एकही देऊ नये. पुस्तकात पेन्सिलीने खुणा केल्या म्हणून तिथल्या ग्रंथपालाने माझे सभासदत्व बंद केले होते. खुणा मीच केल्या होत्या, तरीही. लेकीने खुणा पुसू नयेत. आई कुठे कुठे थांबली होती ते तिला दिसेल.

आता गिटार.

माझे यजमान लाकडी गिटार करत. वरची फळी रंध्याने पातळ करताना ती पुरेशी झाली की नाही, हे ते बोटाच्या पेराने ठोकून ऐकत. दोन ठोके. मग थांबायचे, आवाज पूर्ण विरेपर्यंत. मग तिसरा. सासऱ्यांनी दोन्ही मुलांना असेच शिकवले होते. थोरल्याने धंदा धरला, धाकटे विम्याच्या कचेरीत लागले. माझे स्वयंपाकघर कारखान्याच्या बरोबर वर, त्यामुळे माझा संसार त्या ठोक्यांवर झाला. तिसरा ठोका पडून लगेच रंधा सुरू झाला की चहा टाकायचा. तिसऱ्यानंतर काहीच ऐकू आले नाही, तर फळी गेली असे समजायचे आणि जेवताना तोंड बंद ठेवायचे.

तयार झालेली गिटार गिऱ्हाइकाला देण्याआधी वाजवून बघण्याचे काम माझे होते. एक संथ चाल मला येते, बोटांनी हळू छेडायची. तेवढीच. यजमान डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, “जाऊ दे हिला, नांदेल.” इलेक्ट्रिक गिटार त्यांना मुळीच पसंत नव्हती. “भरीव ओंडका तो. त्याला पोट नाही, तो बोलणार कुठून?”

ते गेल्यावर पहिल्या वर्षी माणसे आली. दुसऱ्या वर्षी फोन आले. नंतर मी पुस्तके वाचली. पॉलिशवाली दुरुस्ती करते, नवी फळी काढत नाही, म्हणून खालून ठोके येईनात. घरातली कुठलीही लाकडी गिटार हातात घेतली की ती ह्यांच्याच आवाजात बोले, आणि तेही माझ्यापुरतेच. खिडकीपर्यंतसुद्धा जात नसे.

तेव्हा मी बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार शेंडी बांधलेला, माझ्या जावयाच्या वयाचा.

“या आजी. नातवासाठी बघताय का?”

“माझ्यासाठी.”

“अरे वा! कुठल्या प्रकारचं वाजवता?”

“एकच चाल येते. भिंतीपलीकडे जाईल अशी द्या.”

त्याने एक शिंगांसारखी दोन टोके असलेली, लालभडक काढली. दिसायला थोडी हसू येण्यासारखीच होती. मी सवयीने पेराने ठोकून पाहिले. ह्यांचे बरोबर होते, आत काही नव्हते. तरी घेतली. सोबत आवाज मोठा करणारा खोका आणि वायर.

घरी येऊन ती चाल वाजवली, तर मांडणीतली ताटे थरथरली. मीच दचकले. पुन्हा वाजवली. आणि दार वाजले.

दोन ठोके. थांबले. मग तिसरा.

माझा हात तारांवर तसाच राहिला. मी उठले नाही. दार पुन्हा वाजले, तसेच. मग उघडले, तर भाऊजी, बनियनवर.

“वहिनी, काय चाललंय हे?”

“रियाज.”

“रियाज? माझ्या कपाटाच्या काचा हलतायत! दादानं ही असली वस्तू घरात येऊ दिली असती का?”

“नसती दिली. चहा घेणार?”

“मी भांडायला आलोय, वहिनी.”

“मग साखर जरा जास्त घालते. ताकद लागेल.”

ते उभ्यानेच प्यायले, पण प्यायले. कपबशी विसळून ठेवली. एकाच घरात वर-खाली राहून कित्येक महिन्यांत आम्ही इतके बोललो नव्हतो. त्यांनाही बायको जाऊन बरीच वर्षे झाली. वरून त्यांच्या चपलांशिवाय कसलाच आवाज येत नाही.

त्यानंतर मी मुद्दाम वाजवत असे. पहिल्यांदा ठोकले की उघडत नसे, म्हणजे ते परत ठोकत. पुढे ते बसून चहा घेऊ लागले, भांडण मात्र सोडले नाही. मग लेकीचा फोन आला.

“आई, काका म्हणतात तू काहीतरी कर्कश्श वाजवत बसतेस. बरी आहेस ना गं?”

“बरी आहे. चहा कसा होता, ते विचार त्यांना.”

डॉक्टरीणबाईंनी मला तपासले. वार, महिना, लेकीचा पत्ता विचारला. शेवटी म्हणाल्या, “आणि ती गिटार कशासाठी घेतलीत?” वर लिहिले तेच मी सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे. साक्षीदाराला काही देता येत नाही असे हा कागद तपासणाऱ्या वकिलीणबाई सांगतात, म्हणून डॉक्टरीणबाईंना फक्त आभार.

भाऊजी, हा भाग तुमच्यासाठी. तुम्ही कारखाना सोडलात, पण पेर सोडले नाही. तुमचा हात हुबेहूब तुमच्या भावासारखा पडतो, आणि तुम्हाला ते ठाऊक नाही. तो ठोका ऐकायला मिळावा म्हणून मी तुम्हाला जिना उतरायला लावत होते. याला वेड म्हणायचे असेल तर कोर्टात जरूर म्हणा. फक्त हा कागद तिथे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जाईल.

ती लाल गिटार, खोका आणि वायर मी माझ्या दिरांना देते. ती विकू नये, भिंतीवर टांगू नये. मी गेल्यावर मधला मजला रिकामा राहील आणि खाली चहा मिळणार नाही. तेव्हा त्यांनी ती वाजवावी. वाजवता येत नसले तरी चालेल, मलाही एका चालीपलीकडे येत नाही. खोक्यावरचे आवाजाचे बटण चारच्या पुढे न्यावे, नाहीतर आवाज कारखान्यापर्यंत पोचत नाही.

पॉलिशवालीला मी सांगून ठेवले आहे. वरून आवाज आला की हातातला पॉलिशचा बोळा ठेवायचा, वर जाऊन दार ठोकायचे, कडाडून भांडायचे आणि चहा प्यायल्याशिवाय उतरायचे नाही. ती म्हणाली, “काकू, मला भांडता येत नाही हो.” म्हटले, ते येईल. ठोकायचे कसे ते मात्र मी तिच्याकडून कारखान्याच्या टेबलावर घोटून घेतले आहे. दोन, मग थांबायचे, मग तिसरा. आता जमते तिला.

याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. यातले सगळे वकिलीणबाईंनी पार पाडावे. मी हे वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण : माझे राहते घर, तळमजला, कारखान्याचे टेबल
दिनांक : अकरा नोव्हेंबर. यजमानांना जाऊन काल तीन वर्षे झाली.

लिहून देणार : (सही)
पूर्वीची गिटारवाल्यांची बायको, सध्या गल्लीत गिटारवाली

साक्षीदार :
१. (सही) डॉक्टरीणबाई. लिहून देणारी पूर्ण शुद्धीवर आहे.
२. (सही) वाद्यांचे दुकानदार. गिटार घेतानाही होत्या.